खुंटीवरची आई

"मॅडम, एक गंमत सांगू?" क्लास सुटल्यावर फळा पुसता पुसता मंथन बोऱ्हाडे म्हणाला. "हल्ली आई आठवली ना, की ती तुमच्या आवाजात बोलते."

मी हसले. अगदी मनापासून हसले. मंथनची आई वैजयंता एसटीत कंडक्टर होती. जुन्नर-नारायणगाव गाडीवर तिची सगळी नोकरी गेली, आणि दोन वर्षांपूर्वी कावीळ अंगावर काढून काढून ती गेली. तिचा आवाज घोगरा, फाटका, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा, हे मला मंथननंच सांगितलेलं. आणि माझा आवाज म्हणजे पातळ आणि थेट नाकातला. आमचे हे म्हणायचे, वृंदा, तू चिडलीस तरी आरती चालल्यासारखं वाटतं.

"म्हणजे तुझी आई माझ्या आवाजात 'चला, पुढे सरका' म्हणते?"

"हो ना! 'पुढे सरका हं, मागे जागा आहे.' एकदम शुद्ध!" तोही हसला. मग त्याचा डस्टरचा हात थांबला. "आधी असं नव्हतं पण."

"मनाचे खेळ रे," मी म्हटलं आणि पर्स उचलली. जिना उतरताना मात्र माझं हसू आपोआप मावळलं.

आमचा कोरियन भाषेचा क्लास तळेगावात, एका चष्म्याच्या दुकानावर. तुम्ही म्हणाल, आता कानात भाषांतराच्या यंत्राचं बोंडूक घातलं की जगातली कुठलीही भाषा मराठीत ऐकू येते, मग कोरियन शिकतो कोण? कारखान्यात जाणारी पोरं शिकतात. कानातलं यंत्र भाषांतर करतं, पण वाक्य संपेपर्यंत थांबून करतं. प्रेसजवळ उभ्या असलेल्या मुलाला मुकादम "हात काढ!" असं ओरडला आणि ते मराठीत पोचायला क्षणभर उशीर झाला, की बोट गेलंच म्हणून समजा. तशी बोटं गेली, तेव्हा कंपन्यांनी यंत्रं बंद केली. कोरियाला जायचं असेल तर भाषा डोक्यात हवी, असा नियमच झाला. माझा क्लास चालायला लागला तो त्यामुळे.

आता कोरियनची गोची सांगते. क्रियापदं तर चालवायची असतातच, वर विशेषणंही क्रियापदांसारखीच चालवावी लागतात. आपण 'थंड' म्हणून सुटतो, त्यांचं 'थंड' वाक्यागणिक शेपूट बदलतं. बहुतेक शब्द नियमानं बदलतात. ते सोपे, डोकं एकदा नियम शिकलं की साच्यातून काढल्यासारखी रूपं काढतं. पण ऐन रोजच्या वापरातले शब्द वाकडे. 'छुप्ता' म्हणजे थंडी असणं, त्याचं होतं 'छुवॉयो'. 'तुत्ता' म्हणजे ऐकणं, त्याचं व्हायला हवं 'तुदॉयो', पण होतं 'तुरॉयो'. का, ते विचारायचं नाही. हे शब्द नियमात बसत नाहीत म्हणून एकेक करून आठवणीतच ठेवावे लागतात. आपल्याकडे तरी काय, 'जा'चं 'गेला' होतंच की. लहान पोर आधी 'जाला' म्हणतं, मग आई म्हणते, 'जाला नाही रे राजा, गेला.' आईनं शिकवलेलं असल्यामुळे आपल्याला कधी त्रास झाला नाही, इतकंच.

त्यावरूनच मला युक्ती सुचली होती. आम्ही तिला खुंटी म्हणायचो. प्रत्येक वाकडा शब्द स्वतःच्या घरच्या एका पक्क्या आठवणीला टांगायचा. 'थंडी'साठी तुझी कुडकुडलेली पहाट शोध, 'मदत'साठी तुला कुणी हात दिला ते आठव. खुंटी जितकी जिव्हाळ्याची तितका शब्द घट्ट. मंथनला मी म्हटलं होतं, "आई नाहीये ना तुझी? मग तिच्याच आठवणी घे. त्या कधी हलायच्या नाहीत." हे माझे शब्द. मंथननं जवळपास सगळी वाकडी क्रियापदं आईच्या अंगाखांद्यावर टांगली आणि बॅचमध्ये पहिला आला.

मग आली निजपट्टी. कपाळाला बांधायची मऊ पट्टी, चाकणच्या कोरियन कंपनीनं क्लासला फुकट वापरायला दिलेली. तिचं शास्त्र साधं आहे. दिवसा शिकलेलं आपला मेंदू गाढ झोपेत परत उगाळतो. झोप किती गाढ आहे ते पट्टीला कळतं, आणि नेमक्या त्या वेळी ती शिकवणीतलाच आवाज कानात हळूच वाजवते. झोप मोडत नाही, पण त्या आवाजाबरोबर ती आठवण जागी होते आणि अधिक पक्की होऊन परत झोपते. आवाज अर्थातच माझा होता. सगळी रूपं मीच, साडीचा पदर खोचून, चष्म्याच्या दुकानाच्या माळ्यावर रेकॉर्ड केली होती.

मंथन जे म्हणाला ते मी ओ साहेबांना सांगितलं. ओ हे त्यांचं आडनाव, निजपट्टीचे इंजिनिअर. पोरं त्यांना हाक मारताना "ओ, ओ साहेब" म्हणून फिदीफिदी हसायची आणि तेही हसायचे. मला मात्र 'सॉनसेंगनिम' म्हणायचे, म्हणजे गुरुजी, आणि भेटले की कमरेत वाकायचे.

त्या दिवशी ते हसले नाहीत. आम्ही कोरियनमध्ये बोललो.

"सॉनसेंगनिम, तुमची मुलं शब्द कसे पाठ करतात?"

मी खुंट्यांचं सांगितलं. कौतुकानं सांगितलं, हेही कबूल करते.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग त्यांनी समजावलं. आठवण ही कपाटातली वस्तू नसते. दर वेळी आठवली की ती ओल्या प्लास्टरसारखी मऊ होते, आणि परत सुकताना आजूबाजूला जे असेल ते तिला चिकटतं. कोरियात, व्हिएतनाममध्ये, सगळीकडे मुलं शब्द नुसते घोकतात, म्हणून पट्टीनं फक्त शब्दच मऊ होतात. आमच्याकडे शब्दाला आई टांगलेली होती. शब्द जागा झाला की आईही जागी व्हायची, आणि त्या वेळी कानात माझा आवाज चालू असायचा.

"बाकीच्यांचं काय?" मी विचारलं.

"बाकीच्यांच्या खुंट्यांत कुठं घर आहे, कुठं नदी, कुठं सायकल. तिथं आवाजच नाही, त्यामुळे फारसं बिघडणार नाही. आणि ज्यांची माणसं जिवंत आहेत त्यांना रोज खरा आवाज ऐकू येतो, तो दुरुस्ती करतो. या मुलाचं तसं नाही." ओ साहेबांनी घसा खाकरला. "पण अजून सगळं परत आणता येईल. त्याच्या आईचा खरा आवाज कुठं असेल तर तो झोपेत वाजवायचा. मात्र शब्द निसटतील, सगळे. तो जिथून सुरू झाला तिथं जाईल."

"आणि आत्ता काही न करता थांबलो तर?"

"सुकेल. मग नाही निघणार."

कंपनीची तोंडी परीक्षा संक्रांतीनंतर होती. पास झाला तर मंथन कोरियाला लाइन लीडर म्हणून जाणार होता. मी ओ साहेबांना म्हटलं, मी बघते. आणि मी काहीही बघितलं नाही.

स्वतःला सांगायला कारणं काय, पोत्यानं होती. पोराचं आयुष्य मार्गी लागतंय, आता कशाला घोळ घालायचा? परीक्षा होऊ दे, मग सांगू. त्याची आईसुद्धा हेच म्हणाली असती. बघा ना, त्या बाईचा आवाजही मी कधी ऐकला नव्हता आणि तिच्या वतीनं बोलायला लागले होते! पण खरं कारण निराळंच होतं, आणि त्याची मला आजही शरम वाटते. मला बरं वाटलं होतं. माझा मुलगा नीरज पाच वर्षं कॅनडात आहे. मी लांबलचक मेसेज लिहिते, तो अंगठा पाठवतो. आणि इथं एका मुलाच्या डोक्यात मी त्याला भात वाढत होते, तापात कपाळावर हात ठेवत होते. कुणाचं काय गेलं, असं मी मनाला म्हणायची. कुणाचं गेलं ते मला पक्कं माहीत होतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. वर्गात मी मंथनकडे बघणं टाळायला लागले. त्याचा हात वर असला तरी दुसऱ्याला विचारायची. आवाज बसल्याचं सोंग केलं आणि खडूनंच काम चालवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

संक्रांतीच्या आसपास तो उड्या मारत आला.

"मॅडम, 'तुत्ता' बसलं! शेवटचं तेवढंच राहिलं होतं. कुठल्याच खुंटीवर टिकत नव्हतं, मग मी सगळ्यात भारी आठवण काढली. ठेवणीतली."

"कुठली रे?" मी विचारलं.

"मी पहिलीत होतो, ताप होता. घरी कुणी नव्हतं म्हणून आईनं मला गाडीत घेतलं, तिच्या सीटवर, मांडीवर डोकं. गाडी गच्च भरलेली. मी डोळे मिटून नुसता ऐकत होतो. ती थांब्याथांब्याला ओरडायची, 'आर्वी, आर्वी! उतरा लवकर!' आणि मधेच खाली वाकून, 'मंथ्या, झोपू नको रं, आपल्याला उतरायचंय.' ऐकायचं म्हटल्यावर दुसरं काय टांगणार ना?"

अजून वेळ होता. त्या शब्दासाठी पट्टी फार दिवस वाजली नव्हती. मी तोंड उघडलं, आणि त्यातून काय निघालं?

"छान," मी म्हटलं. "उच्चारात र जरा हलका ठेव."

परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा मंथनबरोबर त्याचे वडील क्लासवर आले. ज्ञानदेव बोऱ्हाडे, एसटीचे ड्रायव्हर. वैजयंताबाई मागे घंटी मारायच्या आणि हे पुढे गाडी चालवायचे, असा त्यांचा संसार. हातात नव्या द्राक्षांची पेटी, अंगावर इस्त्रीचा खाकी.

"मॅडम, पोरगं परदेशाला निघालं ते तुमच्यामुळं," पेटी टेबलावर ठेवत ते म्हणाले. "ही असती तर तुमाला घरी नेऊन जेवू घातलं असतं तिनं. तिचा आवाज ऐकवू? म्या मेसेज पुसलेलं न्हाईत अजून. गाडी लावली की येखांदा ऐकतो. ह्यो ती येक दिस बदलीवर दुसऱ्या गाडीला गेली व्हती तवाचा."

मी नको म्हणायच्या आत त्यांनी फोनवर बोट टेकवलं.

"अवो, आळेफाट्याला पंक्चर झालंय," वर्गात एक घोगरा, तापलेला आवाज घुमला. मागे गाड्यांचे हॉर्न. "यायला उशीर व्हईल. मंथ्याला म्हणावं भात लाव. आन दार लावून घे म्हणावं, मांजर शिरतंय."

संपलं. ज्ञानदेवराव डोळे पुसत हसत होते. मंथन फोनकडे बघत होता, लोक अनोळखी माणसाकडे बघतात तसा.

"कोण ही, पप्पा?"

"आं?"

"ही बाई कोण बोलतेय?"

"आरं, डोकं फिरलं का तुझं? आई हाय तुझी!"

मंथननं फोन ओढून घेतला. परत लावला. परत लावला. चेहरा असा, की काहीतरी जड उचलायचंय आणि उचलत नाहीये. "आईचा आवाज असा नव्हता," तो म्हणाला, आणि हळूहळू मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. पोरगं हुशार. त्याला फार सांगावं लागलं नाही. तरी मी सगळं सांगितलं. खुंटी, पट्टी, ओ साहेब, प्लास्टर, सगळं. सांगताना माझा आवाज मलाच किळसवाणा वाटत होता.

ज्ञानदेवरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"तुमाला कदीपासनं ठावं व्हतं, मॅडम?"

"दिवाळीच्या आधीपासून."

त्यांनी मान हलवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते जिन्यापाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी माझ्याच वर्गात चोरासारखी उभी.

मी बोलावल्यावर ओ साहेब तासाभरात आले. मंथनच्या डोक्याला तारा लावून, तो मेसेज पुन्हा पुन्हा वाजवून त्यांनी तपासलं. जुन्या खुंट्या सुकल्या होत्या. भात, दार, शाळेचा पहिला दिवस, दवाखाना, सगळीकडे आता मीच होते, कायमची. फक्त एक आठवण अजून मऊ होती. शेवटची, गाडीतली.

"ती वाचेल," ओ साहेब म्हणाले. मी मराठीत सांगत गेले. "आज झोपताना हाच खरा आवाज लावायचा. पण 'ऐकणे' हे क्रियापद निसटेल. आणि ते बरोबर रूप पुन्हा कधी तोंडात बसवायचं नाही. बसवलं, तर ते त्याच आठवणीला जाऊन चिकटेल, सॉनसेंगनिमच्या आवाजासकट."

"परवा परीक्षा आहे," मी म्हटलं. बघा, तेव्हाही माझ्या तोंडून परीक्षाच निघाली. "हा शब्द हमखास येतो. लाइन लीडरला तर..."

"मॅडम," मंथन म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "तुम्ही जरा गप्प बसता का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला विद्यार्थ्यानं गप्प केलं, आणि मी बसले.

"गेला तर गेला शब्द," तो वडलांना म्हणाला. "पप्पा, फोन द्या तुमचा आज."

जाताना ज्ञानदेवरावांनी माझ्याकडे बघितलं नाही. द्राक्षांची पेटी तिथंच राहिली. ती फोडायची माझी छाती झाली नाही. शेवटी चष्मेवाल्यानं वास येतो म्हणून नेऊन टाकली.

परीक्षेच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते, शिक्षकांना बसू देतात. मंथन झकास बोलला. थंडी, मदत, माहीत नसणं, सगळे वाकडे शब्द सरळ आले, आणि दर शब्दाला मला आत टोचत होतं, कारण प्रत्येकामागे त्याची एक एक आठवण होती आणि तिच्यात आता मी होते. मग परीक्षक बाईंनी साधासा प्रश्न विचारला. कामावर असताना कानात गाणी ऐकता का?

"आन तुदॉयो," मंथन म्हणाला. नाही ऐकत.

चूक. अगदी पहिल्या आठवड्यातल्या पोरासारखी चूक. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा विचारलं, सावकाश, त्याला सावरायची संधी देत. कागदावर लिही म्हटलं असतं तर त्यानं बरोबर रूप लिहिलं असतं, हे मला माहीत होतं. ते त्याला ठाऊक होतं, फक्त तोंडात येऊ द्यायचं नव्हतं.

"आन तुदॉयो," तो पुन्हा म्हणाला. तेही स्पष्ट, मान वर करून.

लाइन लीडर म्हणून नाव लागलं ते चिंचवडच्या एका मुलाचं. मंथनला कोरियातल्या गोदामात घेतलं, पगार कमी, पण घेतलं. मी माझा आवाज पट्टीतून काढून टाकला. आता तिथं यंत्राचा सपाट आवाज आहे. खुंट्या बंद केल्या. पोरांचे निकाल घसरले, दोन पालक भांडून गेले, आणि मी भांडू दिलं.

तो गेल्यावर फोन करील असं मला वाटलं नव्हतं. केला. एका रविवारी दुपारी, मी जेवायला बसले होते तेव्हा. क्लासची जुनी पद्धत, आधी कोरियनमध्ये बोलायचं, मग मराठी.

थंडी फार आहे, तो म्हणाला. बरोबर रूप. गोदामातला एक म्हातारा मदत करतो. बरोबर. मी हं, हं करत होते. त्याच्याशी मी हल्ली बोलणं बेतानंच ठेवते. माझा आवाज त्याच्या कानात आणखी कशाला ओतायचा?

"इथं सगळे हसतात मला," तो मराठीवर आला. "त्या एका शब्दावरून. मुकादम तर मुद्दाम विचारतो, ऐकलंस का, ऐकलंस का. मी चुकलो की सगळं गोदाम खिदळतं. हसू देत."

"गाडीतली आठवण?" मी विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "तापातली. घोगरा आवाज आहे तिचा. 'उतरायचंय' म्हणते ना, तेव्हा शेवटी जरा फाटतो." मग म्हणाला, "बाकी सगळीकडे तुम्हीच आहात, मॅडम. भात लाव पण तुम्हीच म्हणता."

मी ताट बाजूला सारलं. 'माफ कर' हे शब्द तोंडाशी आले. पण तेही माझ्याच आवाजात ऐकावे लागले असते त्याला. मी गिळले.

"रोज झोपायच्या आधी," तो म्हणाला, आणि बहुतेक सवयीनं कोरियनमध्ये गेला, "ऑम्मा मोक्सोरी, मेइल तुदॉयो." आईचा आवाज, रोज ऐकतो.

तीस वर्षं शिकवतेय मी ही भाषा. चूक ऐकली की दुरुस्ती जिभेवर आपोआप येते, शिंक यावी तशी. तेव्हाही आली. मी दातांनी जीभ धरली.

"चुकलं का, मॅडम?" मंथननं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे."